खरा ख्रिस्ती कोण, हे गुलामांना विचारा



चर्चमधल्या जातीयतेवर बोट ठेवलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "तो खरा ख्रिस्ती नव्हताच." पाद्री हे म्हणतात, ख्रिस्ती मित्र म्हणतात आणि आपल्यातली काही पुरोगामी मंडळीही म्हणतात. ख्रिस्ताची शिकवण प्रेमाची आणि समतेची आहे, जात पाळणारे ते वरवरचे, नावापुरते ख्रिस्ती, मग त्यांच्यामुळे धर्माला दोष कशाला? वाक्य गोड आहे. पण आंबेडकरी माणसाला ते ओळखीचं वाटायला हवं. "अस्पृश्यता हा खरा हिंदू धर्म नव्हेच" हे आपल्या चार पिढ्यांनी ऐकलंय.

१९३६ साली बाबासाहेबांचं 'जातिभेद निर्मूलन' आलं तेव्हा गांधींनी 'हरिजन'मध्ये त्याला उत्तर दिलं. त्याचा एक मुद्दा असा होता की धर्माची पारख त्याच्या वाईट अनुयायांवरून करू नये, त्याने घडवलेल्या उत्तम माणसांवरून करावी. बाबासाहेबांनी हा मुद्दा उडवून लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की मग वाईट इतके जास्त आणि चांगले इतके थोडे का? या प्रश्नाला हिंदू समाजाकडून आजवर सरळ उत्तर आलेलं नाही. तोच प्रश्न आज मला ख्रिस्ती धर्माला विचारायचा आहे.

पण त्याआधी आपल्या पोरांच्या तोंडी असलेल्या दुसऱ्या एका वाक्याचा समाचार घ्यायला हवा. "सगळे मिशनरी सारखेच, तांदळाच्या पोत्यावर धर्म विकणारे." हे वाक्य आपलं नाही, शाखेतलं आहे. गरीब माणूस धर्म बदलतो तो पोटासाठीच, त्याला डोकं नसतं, हा त्यातला गृहीत धरलेला भाग. नेमका हाच आरोप १९५६ नंतर नागपूरच्या आपल्या आजी-आजोबांवरही झाला. तो आरोप आपण दुसऱ्या दलितावर करायचा? जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुण्यातले भले भले त्यांच्यावर तुटून पडले, तेव्हा 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेणारे जोतीरावच होते. म्हणजे सरसकट शिव्या देणं हा आपला वारसा नाही, आणि सरसकट सवलत देणं तर नाहीच नाही. खरं कोणतं आणि सोंग कोणतं, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

ओळखायचं कसं? नेहमी सांगितली जाते ती पद्धत आत-बाहेरची. गळ्यात क्रॉस, हातात बायबल, रविवारी चर्च हे झालं बाहेरचं. मनातली श्रद्धा, पश्चात्ताप, डोळ्यांतलं पाणी हे आतलं. बाहेरचं तेवढंच असेल तर नक्कल, आतलंही असेल तर अस्सल. माझं म्हणणं असं आहे की ही रेघच चुकीच्या जागी मारलेली आहे. आणि हे मी हवेतून बोलत नाही. एका गुलामाने ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

१८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण करताना जोतीरावांनी अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांचं नाव घेतलं, ज्यांनी काळ्या माणसांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्या लढ्यातला सगळ्यात मोठा काळा आवाज म्हणजे फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला माणूस. नेमकी जन्मतारीखही त्याला ठाऊक नव्हती. तो पळाला, लिहायला शिकलेला होताच, आणि १८४५ साली त्याने आपली कहाणी छापली. आपल्याकडच्या दलित आत्मकथनांची आठवण यावी अशी ती आहे. तिच्यातला थॉमस ऑल्ड नावाचा मालक मला विसरता येत नाही.

ऑल्ड आधी फारसा धार्मिक नव्हता. ऑगस्ट १८३२ मध्ये तो मेथडिस्ट पंथाच्या एका शिबिराला गेला. मैदानात तंबू ठोकायचे, कित्येक दिवस प्रवचनं चालायची, लोक गुडघ्यावर येऊन रडायचे, पापं कबूल करायचे आणि नवा जन्म झाल्याचं जाहीर करायचे, अशी ही शिबिरं. डग्लस स्वतः तिथे होता. पुढे १८५५ साली लिहिलेल्या दुसऱ्या आत्मचरित्रात तो सांगतो की मालकाच्या गालावरचा अश्रू त्याने डोळ्यांनी पाहिला. आणि गुलामांनी मनाशी एक साधी कसोटी ठरवली होती. धन्याला खरंच देव भेटला असेल, तर तो आपल्याला मोकळं करील. तेवढं नाही जमलं, तर निदान पोटभर खायला तरी घालील.

दोन्ही झालं नाही. ऑल्ड सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करू लागला, मंडळीत पुढारी झाला, त्याचं घर प्रवचनकारांचं उतरायचं ठिकाण झालं. त्यांना ताटं भरभरून वाढली जायची आणि चुलीपाशी राबणारे उपाशी राहायचे. हेनी नावाची एक मुलगी होती. लहानपणी विस्तवात पडून तिचे हात भाजून निकामी झालेले, म्हणजे कामाला निरुपयोगी, म्हणजे मालकाच्या हिशोबात तोटा. ऑल्ड तिला बांधून, उघडी करून आसुडाने फोडायचा आणि फोडताना बायबलमधलं वचन म्हणायचा. धन्याची इच्छा माहीत असून जो चाकर ती पाळत नाही त्याला जास्त फटके, अशा अर्थाचं ते वचन. एका गोऱ्या तरुणाने गुलामांना वाचायला शिकवायची रविवारची शाळा सुरू केली आणि डग्लस तिच्यात शिकवू लागला. शाळेत पुस्तक कोणतं, तर बायबलच. ती शाळा मोडायला काठ्या घेऊन आले ते त्याच मंडळीतले पुढारी.

डग्लस म्हणतो, धर्मांतरानंतर मालक आणखी क्रूर झाला, कारण आधी क्रौर्याला फक्त त्याच्या स्वभावाचा आधार होता, आता धर्माचाही मिळाला.

इथे चर्चचा वकील उठतो आणि म्हणतो, बघा, ऑल्ड ढोंगी होता! थांबा. मी उलट म्हणते. समजा तो अश्रू शंभर टक्के खरा होता. समजा त्या रात्री मैदानात त्याचं अंतःकरण खरोखर हललं, त्याला आपल्या पापांची खरोखर लाज वाटली. दारू, शिवीगाळ, प्रार्थनेचा कंटाळा, या सगळ्या पापांची. फक्त हेनी त्या यादीत नव्हती. माणूस विकत घेणं हे त्या यादीत नव्हतंच. त्याची श्रद्धा आतून खरी असूनही ती हेनीच्या काहीच कामाची नव्हती. मला भीती वाटते ती ढोंग्यांची नाही. ढोंगी पकडता येतो. मनापासून रडणारा, मनापासून प्रार्थना करणारा आणि तितक्याच मनापासून आसूड ओढणारा माणूस आत-बाहेरच्या कसोटीला सापडत नाही. तो त्या परीक्षेत पास होतो.

मग कोणत्या कसोटीला सापडतो? उत्तर त्याच घरात आहे. ऑल्डकडे उतरणाऱ्या प्रवचनकारांत कुकमन नावाचा एक होता. बायबल तेच, पंथ तोच, जेवणाचं टेबलही तेच. पण गुलामांचा त्याच्यावर जीव होता. बाकीचे प्रवचनकार आले की गुलामांना प्रार्थनेला बोलावलं जाईलच असं नसायचं. कुकमन असला की त्यांची आठवण व्हायची. आणि त्याच भागातल्या एका बड्या जमीनदाराने आपले गुलाम मोकळे केले, त्यामागे कुकमनची शिकवण होती असं गुलामांना वाटायचं. त्यांना ग्रीक-हिब्रू येत नव्हतं, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरही येत नव्हतं. तरी कोण अस्सल आणि कोण नक्कल हे त्या स्वयंपाकघराला ठाऊक होतं, दिवाणखान्याला नव्हतं.

समाजशास्त्राच्या वर्गात याला भारी भारी नावं आहेत. वस्तीत नाव लागत नाही. धर्माची पारख कुठून करायची, वेदीपासून की उंबऱ्याबाहेरून, एवढाच प्रश्न आहे. जो माणूस तुमच्या धर्माखाली सगळ्यात खाली उभा आहे, तो तुमच्या धर्माचा परीक्षक.

आणि डग्लसने पुढे जे केलं ते फार महत्त्वाचं. पुस्तकाच्या शेवटी त्याने एक पुरवणी जोडली. तिच्यात तो सांगतो की माझा राग ख्रिस्ताच्या धर्मावर नाही, या देशातल्या, गुलाम विकणाऱ्या, बायकांना फटकावणाऱ्या ख्रिस्ती धर्मावर आहे, आणि या दोहोंत एवढं अंतर आहे की एकाचा मित्र व्हायचं तर दुसऱ्याचा शत्रू व्हावंच लागतं. म्हणजे "तो खरा ख्रिस्ती धर्म नव्हे" हे डग्लसही म्हणतो! मग पाद्रीबुवाच्या वाक्यात आणि त्याच्या वाक्यात फरक काय? पाद्री ते वाक्य बोलतो तेव्हा चर्च वाचतं. डग्लस बोलतो तेव्हा चर्च आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं. शब्द तेच. एकाच्या हातात ढाल आहे, दुसऱ्याच्या हातात हत्यार.

आता बाबासाहेबांच्या प्रश्नाकडे येऊ. वाईट इतके जास्त का? कारण ती नुसती माणसांची घसरण नव्हती, व्यवस्थाच तशी बसवली होती. १६६७ साली व्हर्जिनियात कायदा झाला की बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम गुलामच राहील. मालकांची अडचण मिटली. आता आत्मा वाचवा, शरीर विकत राहा. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. त्यातून इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटून निघालेल्या लोकांची गोष्ट गायब होती. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ माणसं विकली आणि त्या पैशाचा काही भाग आज जॉर्जटाऊन विद्यापीठ म्हणून मिरवणाऱ्या त्यांच्या कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. १८४५ साली, म्हणजे डग्लसचं पुस्तक आलं त्याच वर्षी, गुलामांचे मालक मिशनरी होऊ शकतात की नाही या वादातून दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी आपला वेगळा संघ काढला. माफी मागितली ती १९९५ मध्ये. दीडशे वर्षं!

याला "काही वाईट ख्रिस्ती" म्हणून कसं चालेल?

पण थोडे का होईना, चांगले होते, आणि ते कसे होते हे बघण्यासारखं आहे. जॉन वूलमन हा न्यू जर्सीतला शिंपी, क्वेकर पंथाचा. तरुणपणी तो एका दुकानदाराकडे कामाला होता. मालकाने त्याला एका काळ्या बाईच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. त्याने लिहिला, पण तो कागद त्याला जन्मभर टोचत राहिला. पुढे लोक मृत्युपत्र लिहून घ्यायला यायचे. त्यात गुलाम वारसांना द्यायचा असेल तर वूलमन लेखणी खाली ठेवायचा आणि मिळकत सोडायचा. गुलाम असलेल्या घरी मुक्काम पडला तर सेवा फुकट घ्यायची नाही, त्या गुलामांना पैसे द्यायचे. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या कष्टाची, म्हणून ती सोडली. रंग न दिलेले कपडे घालून हिंडायचा, त्यामुळे त्याच्याच पंथातले काही लोक त्याच्यापासून चार हात लांब राहायचे. स्वतःच्याच लोकांच्या दारोदार जाऊन, न ओरडता, तो एकच विषय काढायचा. १७७२ साली तो वारला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी नियम केला की गुलाम बाळगणारा आमच्यात राहणार नाही.

ते रंग न दिलेले कपडे बघा. ती तर बाहेरचीच खूण! म्हणून म्हणते, बाहेरची खूण म्हणजे नक्कल आणि आतली भावना म्हणजे अस्सल, असं नसतं. वूलमनच्या कपड्यांनी त्याचं काहीतरी हिरावून घेतलं. ऑल्डच्या अश्रूने ऑल्डचं काहीच हिरावलं नाही, उलट मंडळीत मान मिळवून दिला. श्रद्धेमुळे तुमच्या पदरात काय पडलं आणि तुमच्या हातून काय सुटलं, हे मोजा. सुटलेलं जिच्या अंगावरून उठलं तिला विचारा.

आता आपल्या देशात या. १६०६ साली रॉबर्टो दे नोबिली नावाचा इटालियन जेझुइट मदुराईला आला. त्याने पाहिलं की परंगी म्हणजे अस्पृश्यांत मिसळणारा, गोमांस खाणारा अशी ओळख झालीय, त्यामुळे ब्राह्मण जवळ करत नाहीत. मग त्याने संन्याशाची वस्त्रं घातली, शाकाहार धरला, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला, आपण रोमच्या उच्चकुळातले असल्याचं सांगितलं. धर्मांतरित ब्राह्मणांना जानवं आणि शेंडी ठेवायची मुभा हवी म्हणून रोमपर्यंत वाद गेला आणि १६२३ साली पोपने ती दिली. पुढे त्या मिशनमध्ये वरच्या जातींसाठी एक आणि खालच्यांसाठी पंडारस्वामी नावाचे दुसरे, असे धर्मगुरूच वेगळे झाले. आजचे काही विद्वान याला संस्कृतींचा संवाद म्हणतात. संवाद कुणाशी झाला? परैयार माणसाशी तर नाही. त्याच्या धर्मगुरूला वरच्या जातीच्या धर्मगुरूच्या पंगतीत बसता येत नव्हतं.

चारशे वर्षांनंतरचं चित्र? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती कब्रस्तानात दलितांची मढी वेगळी ठेवणारी भिंत आहे. त्याच राज्यात एरायूर गावात दलित कॅथलिकांनी वेगळ्या वागणुकीला कंटाळून स्वतःचं चर्च मागितलं, २००८ साली दंगल उसळली, पोलिस गोळीबारात दोन माणसं गेली. आपल्या शेजारच्या गोव्यात बामण, चारडो, सुदीर ही कॅथलिकांतली वर्गवारी लग्न ठरवताना आजही जिवंत आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे स्वतःच कबूल केलं. कबुलीजबाब द्यायची सवय त्यांना आहेच.

बाबासाहेबांनी हे सगळं फार आधी पाहिलं होतं. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला मोहवल्याचं सांगितलं, आणि त्याच भाषणात दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्ये जात पाळतात हेही तोंडावर सुनावलं. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरचं त्यांचं लिखाण त्यांच्या इंग्रजी खंडांतल्या पाचव्या खंडात आहे, कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावं. त्यातला एक मुद्दा ऑल्डच्या अश्रूचं कोडं सोडवतो. बाबासाहेब म्हणतात, मिशनऱ्याने अस्पृश्याला शिकवलं की तुझ्या पतनाचं कारण तुझं पाप आहे. तुझ्या भोवतीची समाजरचना नव्हे. मग तो माणूस समाज बदलायला कशाला उठेल? तो स्वतःला सुधारत बसेल. हीच गोष्ट उलट बाजूने मालकाला लावून बघा. पाप जर फक्त मनात असेल, तर मालक मनाची धुणी धुवून मोकळा होतो. गुलाम, शेत, कब्रस्तानातली भिंत हे पापाच्या खात्यात येतच नाही. वाईट इतके जास्त का, याचं माझं उत्तर हे आहे. ढोंग दुय्यम आहे. मूळ चूक पापाला मनाच्या खोलीत कोंडण्याची.

ख्रिस्ती मित्र म्हणेल, येशू तसं शिकवत नव्हता. मान्य. शोमरोनी माणसाची त्याची गोष्ट मला ठाऊक आहे. वाटेत जखमी पडलेल्याला याजक ओलांडून जातो, देवळाचा सेवक ओलांडून जातो, आणि ज्याला ते लोक हीन समजत तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेचे पैसे भरतो. त्या गोष्टीत शोमरोन्याच्या मनात काय चाललं होतं यावर प्रवचन नाही, तेल आहे, पट्टी आहे, पैसे आहेत. तुमच्याच गुरूची कसोटी तुम्हाला लावतेय, एवढंच.

आता वस्त्यांतल्या चंगाई सभांविषयी. गेल्या काही वर्षांत मी काम करते त्या भागात दर दोन गल्ल्यांआड एक प्रार्थनाघर उभं राहिलंय. पत्र्याची शेड, कीबोर्ड, मोठे स्पीकर. अमेरिकन टीव्हीवरच्या प्रचारकासारखा हात हवेत, तोच "हालेलुया", तोच आवाज चढवण्याचा ठेका. कार्यकर्ते हसतात. मी हसत नाही, कारण तिथे जाणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. एकीच्या नवऱ्याची दारू तिथे सुटली. हे खरं आहे आणि छोटं नाही. तिच्या अंगावरचा मार उठला, म्हणजे माझ्याच कसोटीवर त्या प्रार्थनेला मार्क द्यावे लागतात. आपल्या विहाराने त्या गल्लीत दारूबद्दल काय केलं होतं हे मला कुणी सांगू नये, मला माहीत आहे. पण त्याच प्रार्थनाघरात दुसऱ्या बाईला सांगितलं गेलं की तुझी टीबीची गोळी म्हणजे विश्वासाची कमतरता. तिला पुन्हा उपचारावर आणायला आमच्या आशाताईंचे तीन महिने गेले. आणि दुखणं बरं झालं नाही तेव्हा दोष कुणाचा ठरला? तिच्या विश्वासाचा. फायदा पास्टरचा, तोटा बाईचा. हा हिशोब ऑल्डच्या घरातलाच आहे.

याच्या विरुद्ध टोकाला फादर स्टॅन स्वामी. आपल्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यायला नको, भीमा कोरेगावच्या केसमध्ये त्यांना गोवलं तेव्हा आपण रस्त्यावर होतो. जन्म गेला झारखंडच्या आदिवासींत. खटला न चालता तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांची बाजू मांडली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी स्वतः कच्चे कैदी झाले. कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता, पाणी प्यायला नळीचा कप कोर्टात मागावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईत कोठडीतच गेले, जामीन न मिळता. २७२ माणसं विकणारे धर्मगुरू ज्या संघाचे, त्याच जेझुइट संघाचा हा माणूस. संघ तोच, शपथ तीच. म्हणून शिक्का बघून निकाल देऊ नका, ना इकडचा ना तिकडचा.

आणि केडगावच्या रमाबाई. मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या शारदा सदनात मुख्यतः उच्चवर्णीय विधवा होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या, वेगवेगळ्या जातींच्या, आणि त्यांच्यासाठी मुक्ती उभी राहिली. ख्रिस्ती झाल्यावरही इंग्लंडच्या मठवासिनी सांगतील ते सगळं मुकाट मानलं नाही, त्यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घातला. रमाबाईंच्या प्रत्येक मताशी सहमत व्हायची आपल्याला गरज नाही. पण एका ब्राह्मण बाईच्या हातून काय काय सुटलं हे मोजायला हरकत नाही.

ही कसोटी आपल्याला चालते का, असं कुणी ख्रिस्ती वाचक विचारील. विचारायलाच हवं. पांढरी साडी, निळा फेटा, पाली वंदना पाठ, बावीस प्रतिज्ञा फ्रेममध्ये, आणि मातंगातून बौद्ध झालेल्या मुलाचं स्थळ आलं की घरात कुजबुज. दीक्षाभूमीवर डोळ्यांत पाणी येतं, ते खरंच असतं. पण त्या मुलाला विचारलं तर तो काय मार्क देईल? या विषयावर वेगळा लेख लिहायचा आहे, इथे एवढंच.

शेवटचा मुद्दा कागदाचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध आले ते १९९० मध्ये. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये नवा आयोग नेमला गेला. व्हर्जिनियात बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नव्हती. इथे बाप्तिस्म्याने जात सुटत नाही, फक्त सवलत सुटते. धर्मांतरानंतर केंद्राच्या दारात आपण चौतीस वर्षं उभे होतो, त्यामुळे या मागणीला विरोध करणारा आंबेडकरी मला समजत नाही. "आमच्या ताटातलं जाईल" म्हणणाऱ्यांनी कोटा वाढवून मागावा.

पण दिल्लीत या मागणीच्या मोर्चात बिशप पुढे चालत असतात, तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यासोबत चालावं आणि चालता चालता विचारावं, की तिरुचिरापल्लीची ती भिंत पाडायला संसदेची परवानगी लागते का? आणि उत्तर बिशपांकडून घेऊ नये. भिंतीच्या पलीकडे ज्यांची माणसं पुरली आहेत त्यांच्याकडे जाऊन घ्यावं.